सहलीची शिट्टी जरा उशिरा वाजवा

प्रति,
ब्रिटनमधल्या सर्व मराठी मंडळांच्या सहल समित्या

स.न.वि.वि.

मार्च संपत आला की तुमच्या ग्रुपवर ‘यंदा सहल कुठे?’ सुरू होतं. दोघं डोंगर म्हणतात, तिघं समुद्र म्हणतात, एक जण दरवर्षी लेगोलँड म्हणतो. शेवटी कुणीतरी लिहितं, “जवळचाच एखादा महाल बघू. हिरवळ असते, पोरं खेळतील, कोच लावायला जागा असते, टॉयलेट स्वच्छ असतात.” आणि एकमत होतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. दोन वर्षं मीच आमच्या मंडळाचा सहलप्रमुख होतो आणि टॉयलेटचं वाक्य माझंच आहे.

गेल्या वर्षी आम्ही केडलस्टन हॉलला गेलो. डर्बी शहराच्या वायव्येला, पाचेक मैलांवर. मी डर्बीत अठरा वर्षं राहतोय आणि तोवर त्या फाटकातून दोनदाच आत गेलो होतो, दोन्ही वेळा पाय मोकळे करायला. वेळापत्रक मी एक्सेलमध्ये बसवलं होतं: साडेदहाला पोचणं, अकरा ते बारा हॉल, मग जेवण, मग खेळ, मग तीन वाजता आउटलेटमध्ये खरेदी. कोच पन्नास मिनिटं उशिरा आला. आता काय छाटायचं? पुरी-भाजी छाटणं शक्य नव्हतं, खरेदी छाटली असती तर घरी तोंड दाखवायला जागा उरली नसती. हॉल छाटला. पंचावन्न माणसं पस्तीस मिनिटांत त्या घरातून अशी बाहेर काढली की फलाटावरच्या गर्दीलाही हेवा वाटावा. माझ्या गळ्यात शिट्टी होती.

मोजणी केली तेव्हा एक जण कमी. एका सभासदाचे वडील, सांगलीकडचे निवृत्त शिक्षक, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मी परत आत धावलो. तळमजल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं ‘ईस्टर्न म्युझियम’ आहे, तिथं एका काचेच्या कपाटासमोर ते हात मागं बांधून उभे होते. कपाटात मानपत्रांच्या पेट्या. गावोगावच्या लोकांनी व्हाइसरॉयला मानपत्र द्यायचं तर नुसता कागद कसा द्यायचा, म्हणून चांदीची, हस्तिदंताची नक्षीदार पेटी करून तिच्यात ठेवून द्यायचे, त्या.

“आजोबा, चला, सगळे बसमध्ये बसलेत.”

“हा आपला तोच कर्झन ना हो? बंगालच्या फाळणीवाला?”

“असेल,” मी म्हणालो.

“मग गोखले याच्याशीच भांडले. नाही का?”

मी घड्याळ बघितलं. ते मुकाट्यानं माझ्याबरोबर आले. बसमध्ये अंताक्षरी चालू होती.

तो ‘असेल’ माझ्या घशात अडकून बसला. त्यानंतर मी त्या घरी चार वेळा गेलो, एकटा, शिट्टी न घेता. तेव्हा कळलं की आजोबांनी विचारलेला प्रश्न बरोबर होताच, आणि त्याचं उत्तर मला वाटलं होतं त्याहून फार लांबवर जातं. तुम्हाला हे पत्र त्यासाठीच.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण सहलीहून परतताना आमच्याच ग्रुपवर फोटोखाली कुणीतरी लिहिलं, “आपल्याच पैशानं बांधलेला महाल!” त्यावर सत्तावीस अंगठे आले. तसं नाही. कर्झन घराणं केडलस्टनला सातशेहून अधिक वर्षं आहे. आजचं घर सर नॅथॅनियल कर्झननं १७५९ पासून बांधायला घेतलं, आणि पुढे तो पहिला लॉर्ड स्कार्सडेल झाला. पैसा मुख्यतः जमिनीचा, खंडाचा. आपला व्हाइसरॉय जॉर्ज नॅथॅनियल कर्झन जन्मला १८५९ साली, म्हणजे घराला शंभर वर्षं झाल्यावर. लुटीचा हिशेब मांडायचाच असेल तर तो मांडावा, पण खातं नीट बघून. इथं भारताचा संबंध उलट्या दिशेनं आहे. हिंदुस्थानातून पैसा इथं येऊन हे घर उभं राहिलं नाही. या घराचा नकाशा हिंदुस्थानात गेला.

१७९८ मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. त्याला तिथलं राहतं घर साधं वाटलं. नव्या गव्हर्नमेंट हाउसचं काम कंपनीच्या बंगाल इंजिनिअर्समधल्या कॅप्टन चार्ल्स वायटकडे दिलं गेलं. केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख करणारा सॅम्युअल वायट त्याच घराण्यातला. चार्ल्सनं केडलस्टन समोर ठेवून आराखडा केला: मधोमध मुख्य इमारत आणि वळणदार मार्गिकांनी तिला जोडलेले बाजूचे महाल. गंमत अशी की केडलस्टनला मुळात असे चार महाल व्हायचे होते, पण उत्तरेकडचे दोनच झाले, दक्षिणेचे दोन कागदावरच राहिले. कलकत्त्यात चारही बांधले. म्हणजे मूळ अपुरं आणि नक्कल पुरी. केडलस्टनच्या मोठ्या दिवाणखान्यातले खांब अलाबास्टर दगडाचे, कलकत्त्याचे चुन्याच्या गिलाव्यानं घोटून गुळगुळीत केलेले. खर्च बघून लंडनमधले कंपनीचे संचालक भडकले, वेलस्लीला त्याचं काही वाटलं नाही.

ही इमारत १७९९ ते १८०३ या काळात झाली. हे आकडे मी त्या घराच्या पायरीवर बसून वाचत होतो आणि १८०३ वर थांबलो. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि वेलस्लीच्या धाकट्या भावाची, आर्थरची, लढाई झाली. म्हणजे डर्बीशायरच्या या घराची जुळी इमारत हुगळीकाठी पुरी होत होती, त्याच वर्षी तिचा मालक दख्खनेत मराठ्यांशी लढाई चालवत होता. शाळेत ‘वेलस्ली’ आणि ‘तैनाती फौज’ ही जोडी आपण पाठ केली. तो राहायचा कुठल्या घरात आणि ते घर कुणाची नक्कल, हे कुणी सांगितलं नव्हतं. मला तरी नाही.

आता पुढची शंभर वर्षं एका उडीत. जानेवारी १८९९ मध्ये केडलस्टनमध्ये वाढलेला कर्झन व्हाइसरॉय म्हणून त्याच गव्हर्नमेंट हाउसात राहायला गेला. एका केडलस्टनमधून दुसऱ्या केडलस्टनमध्ये. आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाच्या बैठका भरायच्या त्या याच इमारतीत.

२६ मार्च १९०२ ला तिथं अंदाजपत्रकावर बोलायला एक सदस्य उठला. वय पस्तीस. गाव कोतळूक, आज ते गुहागर तालुक्यात येतं. वडील लवकर गेले, थोरल्या भावानं पंधरा रुपये पगारातले आठ रुपये धाडून कोल्हापुरात शिकवलं. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षं शिकवून नुकताच मोकळा झालेला. समोर अध्यक्षस्थानी खुद्द कर्झन, वय त्रेचाळीस. सरकारनं शिलकी अंदाजपत्रक मांडलं होतं आणि चहूकडून अभिनंदन चाललं होतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विचारलं ते थोडक्यात असं: दुष्काळ आणि प्लेगनं देश मोडलाय, मग तिजोरीत शिल्लक पडते कशी? ती भरभराटीची खूण नाही, लोकांना परवडत नाही इतका कर चालू ठेवल्याची खूण आहे. मिठावरचा कर कमी करा. एकेक आकडा सरकारच्याच कागदांतून काढलेला. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड. एका भाषणानं झालं असं म्हणणारा मी नाही, पण ते भाषण त्या खोलीत झालं होतं.

आणि ती खोली कुणाच्या घराच्या आराखड्यावर बांधलेली होती, ते तुम्हाला आता माहीत आहे. कोकणातल्या मास्तरानं कर्झनला ऐकवलं ते जणू त्याच्याच वडिलोपार्जित घरात उभं राहून. हे मी केडलस्टनच्या मार्बल हॉलमध्ये उभा असताना डोक्यात जुळलं आणि, खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. शेजारी एक बाई आपल्या नातवाला खांब मोजायला लावत होती.

खांब वीस आहेत. मोजायला लावाच पोरांना. पंचवीस फूट उंच, गुलाबी शिरांचे, नॉटिंगहॅमशायरमधल्या कर्झनांच्याच खाणीतल्या अलाबास्टरचे. त्या दालनाला बाजूला खिडकी एकही नाही, उजेड सगळा छतातून खाली येतो, आपल्याकडे जुन्या देवळाच्या गाभाऱ्याबाहेर दुपारी पडतो तसा, थोडा पांढरट. रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराला इथं आधी नेमलं ते फक्त बागेतली कामं करायला, मग त्यानं हळूहळू दोन ज्येष्ठ वास्तुकारांच्या हातून सगळं घरच काढून घेतलं. ऑफिसात असे लोक आपण पाहिलेत. मार्बल हॉलच्या मागं घुमटाची गोल खोली आहे, ‘सलून’. बासष्ट फूट उंच, रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावर बेतलेली. तिथल्या शेगड्या अशा घडवल्यात की रोमन वेदीच वाटाव्यात. शयनगृहातल्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडासारखे कोरलेत, बुंध्याशी मुळंसुद्धा. दक्षिणेकडून बाहेर आलात तर घराचा तो तोंडवळा रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीसारखा. नॅथॅनियलला हौस दांडगी होती.

ही हौस दुसऱ्यांनी बघावी हीही हौस होती. घर पाहायला येणाऱ्यांसाठी १७६९ मध्येच चित्रांची, पुतळ्यांची छापील यादी केलेली होती. गार्नेट नावाची हाउसकीपर बाई पाहुण्यांना घरभर फिरवायची, स्पष्ट आवाजात एकेक चीज समजावून सांगायची. तिचं चित्र घरात आहे, हातात तीच यादी. मोठमोठ्या लॉर्ड-लेडींच्या गर्दीत मला आवडलेलं चित्र तेवढं एकच. १७७७ मध्ये कोशकार डॉक्टर जॉन्सन आपला चरित्रकार बॉस्वेल याच्याबरोबर इथं आला होता. बॉस्वेल भारावून म्हणाला, एवढं सगळं ज्याचं आहे तो माणूस सुखी असणारच. जॉन्सन म्हणाला, एवढ्यानं संकट एकच टळतं, गरिबीचं. घर बघून म्हणाला, टाउन हॉल म्हणून झकास चालेल: खांबांच्या दालनात न्यायाधीश बसवा, गोल खोलीत ज्युरी आणि वर कैदी. म्हणजे या घराला नावं ठेवण्याची परंपरा आपण येण्याआधीची आहे, त्यात संकोच नको.

पण तेव्हापासून आजतागायत घर दाखवणाऱ्यांनी घराची गोष्ट घराच्या बाजूनं सांगितली. त्यात गैर काय? यजमान तसंच सांगणार. हे घर १९८७ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ट्रस्टनं २०२० मध्ये आपल्या वास्तूंचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध तपासून अहवाल काढला, त्यात त्र्याण्णव ठिकाणं होती, आणि इकडे वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलं असेल. मी तिथं ज्या ज्या स्वयंसेवकांशी बोललो, साठी-सत्तरीच्या बायका आणि पुरुष, त्यातल्या एकानंही प्रश्नाला तोंड चुकवलं नाही. एका आजीबाईंना मी गोखल्यांविषयी सांगितलं. त्यांनी वही काढून नाव लिहून घेतलं, मग स्पेलिंग विचारलं, मग उच्चार दोनदा म्हणून बघितला. ‘गोक्ले’पर्यंत गाडी आली.

आपल्या बाजूची गोष्ट आपण नाही सांगितली तर ती तिथं कोण सांगणार? प्रत्येक खोलीत आपण फोटो काढले. मोराच्या पोशाखापुढे तर रांग लागली होती.

त्या पोशाखाबद्दल लिहायलाच हवं, कारण आमच्या मंडळातल्या बायकांनी पस्तीसपैकी पंधरा मिनिटं तिथंच घालवली आणि ती सगळ्यात योग्य खर्च झालेली पंधरा मिनिटं होती. कर्झनची बायको मेरी, शिकागोच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी. जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारातल्या नाचाच्या रात्री तिनं हा घातला. शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशनघराची, पण जरीकाम सगळं हिंदुस्थानातल्या कारागिरांचं. मोराची पिसं एकावर एक, कौलांसारखी पसरलेली, सोन्याचांदीच्या तारेत भरलेली. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात एक हिरवंनिळं झळाळतं कवच, भुंगेऱ्याच्या पंखाचं. लांबून पाचूच वाटतात. वजन साडेचार किलोच्या आसपास. माझी बायको शालूच्या पदराची जर उलटी करून बघतात तशी मान वाकवून काचेतून काठ बघत होती आणि पुटपुटत होती, “टाका बघ, टाका.” त्या टाक्याखाली वर्थचं नाव लागलं, टाका घालणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला कोणी सांगत नाही. आणि ज्या सालाचं अंदाजपत्रक गोखले उलटंपालटं करून दाखवत होते, त्याच्या पुढच्या जानेवारीतला हा नाच. ही दोन चित्रं एकत्र ठेवून बघा, कर्झनचा काळ कळतो.

कर्झन सरळसोट खलनायक असता तर मलाही हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं. बंगालची फाळणी त्यानंच केली, १९०५ मध्ये. त्याच ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. पण १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदाही त्याचाच, ताजमहालात टांगलेला पितळी दिवा त्यानंच दिलेला. इंग्लंडात टॅटर्शल आणि बोडियम हे मोडकळीला आलेले किल्ले त्यानं स्वतःच्या पैशानं घेतले, सावरले आणि मरताना नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. गोखल्यांनाही हे दिसत होतं. १९०५ च्या डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी कर्झनच्या कारभाराला तोड शोधली ती औरंगजेबाची. पण नुसतं औरंगजेब म्हणून थांबले नाहीत. तीच कर्तव्याची जाणीव, तोच कामाचा अफाट आवाका, तेच एकटेपण, आणि तोच रयतेवरचा अविश्वास, असं मोजून मोजून मांडलं. मराठी माणसानं औरंगजेबाचं नाव घ्यायचं आणि त्यातही समोरच्याचे गुण मोजायचे, हे गोखल्यांनाच जमावं. टिळकांच्या लेखणीतून ते वेगळं उतरलं असतं आणि तेही मला वाचायला आवडलं असतं.

आता बाहेर, हिरवळीवर. तुमची चटई तिथंच अंथरायची आहे, मला माहीत आहे.

ती हिरवळ आपोआप उगवलेली नाही. सुमारे आठशे एकरांचा तो पार्क. आपल्याकडे रमणा म्हणत तशी घराभोवतीची राखलेली जागा. एका छोट्या ओढ्याला बांध घालून तळी केली, त्यावर ॲडमनं तीन कमानींचा पूल बांधला. फाटकातून आत येताना कोच पुलावर चढतो आणि घर एकदम समोर येतं, ते तसं यावं म्हणूनच रस्ता वळवलेला आहे. तळ्याकाठी मासे धरायचा टुमदार बंगला आहे: वरच्या खोलीच्या खिडकीतून बायकांनी ऊन न लागता गळ टाकावा, खाली गार पाण्याचं न्हाणं. घरासमोरच्या गवतात मेंढ्या चरतात, पण बागेत शिरत नाहीत, आणि कुंपण तर कुठे दिसत नाही. मध्ये एक खंदक आहे, एका अंगाला उभी भिंत, दुसऱ्या अंगाला उतार. घरातून बघणाऱ्याला गवत सलग दिसतं, मेंढीला मात्र भिंत आडवी येते. या खंदकाला इंग्रजीत ‘हा-हा’ म्हणतात. आमच्या पोरांना हे सांगितलं असतं तर अर्धा तास तिथंच हसत बसली असती. नाही सांगितलं. व्हॉलीबॉल चालू होता.

आणि एक चर्च आहे, घराला अगदी चिकटून, घराच्या शंभर पट जुनं वाटणारं. चर्च घरापाशी, मग गाव कुठे? गाव होतं. नॅथॅनियलला पार्क हवा होता, खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यात गाव बसत नव्हतं, म्हणून १७६० च्या आसपास गाव उठवलं आणि पलीकडे नेऊन वसवलं. डर्बीहून येणारा रस्ताही सरकवला. चर्च तेवढं हलवता आलं नाही. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ एकटं वर येतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना इथं काही समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की उजनीला निदान शेताला पाणी द्यायचं कारण होतं. त्या गवतावर चालताना पायाखाली उंचसखल लागतं, ते जुन्या गावाचं का ते मला ठाऊक नाही, पण मी आता तिथं चटई टाकताना एकदा खाली बघतो. लुटीची गोष्ट हवीच असेल तर मला वाटतं ती या गवतात जास्त आहे, आणि ज्यांची जागा गेली ती माणसंही गोरीच होती.

चर्चच्या आत कर्झनची आणि मेरीची संगमरवरी मूर्ती शेजारी शेजारी निजलेली आहे. ती १९०६ मध्ये गेली, छत्तिसाव्या वर्षी. त्यानं तिच्यासाठी इथं नवं दालन बांधवलं, १९२५ मध्ये स्वतःही इथंच आला. आमच्या सहलीत एका दहा वर्षांच्या मुलीनं या मूर्तीजवळ मला विचारलं होतं, “काका, हे कोण?” मी म्हणालो, “कुणीतरी लॉर्ड.” घराच्या आतला ‘असेल’ आणि चर्चमधला हा ‘कुणीतरी’, दोन्ही एकाच दिवसाचे.

तर समितीतल्या मित्रमैत्रिणींनो, मागणं फार मोठं नाही. घराला तीन तास द्या. खरेदीची बस त्याच दिवशी काढू नका, आउटलेट कुठे पळून जात नाही. आधी तळमजल्यावरच्या संग्रहालयात जा, मग वर चढा. आपण नेहमी उलटं करतो आणि खाली पोचेपर्यंत पाय आणि लक्ष दोन्ही संपलेलं असतं. सगळी दालनं रोज उघडी नसतात, हिवाळ्यात तर घर बरंचसं बंदच, तेव्हा तारीख ठरवण्याआधी विचारून घ्या. पार्क मात्र बाराही महिने आहे. लंडनच्या मंडळींना एम-वननं सव्वाशेहून जास्त मैल पडतील, सेंट पँक्रसहून डर्बीची गाडी दीड तासात येते, पण स्टेशनपासून पुढे टॅक्सीच करावी लागते हे आधी सांगितलेलं बरं.

आणि दोन पानांचं मराठी टिपण छापून प्रत्येक सीटवर ठेवा. मी तयार केलंय, मागाल त्याला पाठवीन. त्यात खांबांची उंची नाही, ती तिथं लिहिलेली आहेच. वसई आहे, असई आहे, कलकत्त्याच्या घराचा आराखडा केडलस्टनच्या आराखड्याशेजारी छापला आहे, आणि गोखल्यांच्या त्या भाषणातल्या मिठाच्या कराचा मुद्दा सोप्या मराठीत आहे. ज्यांची मुलं मराठी वाचत नाहीत त्यांनी बसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवावं. अंताक्षरी लेस्टरच्या पुढे सुरू करा.

ज्येष्ठांना कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसवून ठेवू नका. मागच्या वर्षी आमच्या बसमध्ये इतिहास माहीत असलेला माणूस एकच होता आणि त्यालाच आम्ही दंडाला धरून बाहेर काढला. ते आजोबा ऑक्टोबरात सांगलीला परत गेले. दिवाळीत मी त्यांना फोन करून कलकत्त्याच्या घराचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “म्हणजे गोखले त्याच्याच घरात…” आणि हसायला लागले. यंदा जूनमध्ये परत येतायत. त्यांना मी मार्बल हॉलमध्ये उभं राहून दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. स्वयंसेवक आजीबाईंनाही कळवलंय, त्या भाषांतर हवं म्हणाल्यात.

ज्या मंडळांना त्या दिवशी जोडून यायचं असेल त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत आकडा कळवा. पुरी-भाजी आमच्याकडे. चहाचे थर्मास तुमचे तुम्ही आणा.

आपला,
डर्बीतला एक माजी सहलप्रमुख